एक माणूस आत

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

पोचले. वणीत बसस्टँडच्या मागे खोली मिळाली, तीही खिडकीची. तिथून एसटीनं राजूर पंधरा-वीस मिनिटं. वाटेत चुन्याच्या भट्ट्या लागतात, तिथं सगळं पांढरं. पुढं कोळशाच्या खाणीकडे वळलं की तुरीच्या शेंगासुद्धा काळ्या. सकाळी तर्री-पोह्यांवर इतकी तर्री वाढली की डोळ्यांतून पाणी आलं. एकूण जागा मला आवडली.

कामाची वही वेगळी ठेवत नाही, इथंच लिहिते. ही सवय बाबांची. उमरखेड डेपोत कंडक्टर होते; रिटायर झाले तरी दिवसभरात केलेलं रात्री लिहून ठेवतात. आमच्या धंद्यात ते उपयोगी पडतं. काय बदललं ते लिहिलेलं असलं की उलटं फिरता येतं.

काम असं. ऑफिसात खरा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन चालतात: हजेरी, पगार, भांडार, पत्रव्यवहार. त्यांच्या फायली मात्र पलीकडच्या खोलीतल्या स्टोरेजच्या पेटीत असतात आणि केबलवरून ये-जा करतात. दोन महिन्यांपूर्वी नवी पेटी आणली. तेव्हापासून रोज पहिली पाळी लागली की हजेरीचं मशीन फाईल उघडायला जातं आणि हँग होतं, मागोमाग बाकीचे तिघे.

मॅनेजर बाबूसिंग राठोड गमत्या माणूस आहेत. म्हणाले, मॅडम, तुमी डॉक्टर, अन् पेशंट पेटीत लपून बसला. त्यांना घाई आहे. सात नंबरच्या भुयारात २०१९ साली पाणी शिरलं, तेव्हापासून ते बंद आहे. गुरुवारी तेराला त्याचं तोंड काँक्रीटनं कायमचं बुजवायचं आहे. त्यासाठी ‘सर्व वर’ अशी पावती लागते आणि हजेरीचा प्रोग्राम ती देत नाही. सात नंबरात एक माणूस आत, असं दाखवतो.

दोन दिवसांचं काम आहे. पंधरा दिवसांचा करार केला म्हणून उगीच संकोच वाटतोय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज बत्तीघर पाहिलं. खाणीत उतरणारा प्रत्येक जण इथून डोक्याचा दिवा घेतो आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बोर्डावरच्या खुंटीला लावून जातो. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. बोर्डावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. आता बिल्ल्याबरोबर यंत्रावर नोंदही होते, दिव्याची बॅटरी किती उरली तेसुद्धा कळतं. पण बत्तीघरवाले रहमतचाचा बोर्डच पाहतात. बोर्ड रिकामा झाल्याशिवाय ते पाळी सोडत नाहीत.

एक बिल्ला मात्र सहा वर्षं लटकलेला आहे. २१२. लखन पवार, जवळच्याच तांड्यावरचा. पाणी शिरलं त्या दिवशी त्याचा दिवा परत आला नाही. कंपनीनं लिहून दिलं की तो उतरलाच नव्हता, नोंद यंत्राच्या चुकीनं झाली, माणूस कामधंद्याला परमुलखात गेला असेल. चाचा तो बिल्ला रोज चिंचेनं घासतात. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, बिल्ला हाये तोवर मानूस आत हाये बाई, मी काहून उतरवू?

त्याची आई जमनी दर मंगळवारी येते. तांड्यावर सगळे तिला जमनीयाडी म्हणतात; याडी म्हणजे आई. आजही आली. अर्धा तास बोर्डासमोर बसली, चाचांनी दिलेला चहा प्यायली, गेली. 

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस गेले. केबल ठीक, स्विच ठीक, डिस्क ठीक, परवानग्या ठीक.

दोष सापडला, पण आवडला नाही. एखाद्या मशीननं फाईल उघडली की पेटी त्या फाईलला कुलूप लावते, म्हणजे दोघांनी एकदम लिहू नये. मशीन बंद पडलं तर दीड मिनिटात कुलूप आपोआप गळतं. ते टिकवायचं तर मशीननं अधूनमधून ‘मी आहे’ असं कळवावं लागतं. हजेरीच्या फाईलवर चारपैकी कुणाचंच कुलूप नाही. ते पाचव्याचं आहे. नाव ‘बत्ती-७’.

बाबूसिंगांनी जुनी कागदपत्रं काढून दाखवली. बत्ती-७ हे सात नंबरच्या हजेरीचं मशीन होतं, २०१९ मध्येच पुसून टाकलं. सर्व्हरवर त्याचा मागमूस नाही, मी स्वतः शोधलं. आणि ही पेटी तर दोन महिन्यांपूर्वीची. सहा वर्षांपूर्वी पुसलेल्या मशीनला तिचा पत्ता कुणी दिला?

तरी ‘मी आहे’ येतंय. मी घड्याळ लावून बसले. अठ्ठावन्न सेकंद. एकसष्ट. एकोणसाठ. साठ. सत्तावन्न. मशीन असं कधीच करत नाही, ते ठरल्या वेळी कळवतं. हे कुणीतरी मनात आकडे मोजून करावं तसं आहे.

म्हणजे माणूस आहे. कुणीतरी कुठंतरी संगणक लपवलाय आणि पावती अडवून धरलीय. ज्याला ती पावती निघायला नको आहे असा माणूस मला एकच दिसतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

केबल धरून चालत गेले. स्विचच्या अकरा नंबरच्या खाचेतून एक जुनी वायर निघते, भिंतीतून बत्तीघरात जाते. तिथं चाचांच्या बाकाखालून पुढं सात नंबरच्या तोंडाकडे. लाकडी आडोशाच्या फटीतून आत, उतारावरून खाली, आणि मग काळं पाणी.

परत येऊन वायर उपटली. खाचेवरचा हिरवा दिवा विझला. ‘मी आहे’ थांबलं नाही.

चाचांच्या बाकाखाली, कपाटात, दिव्यांच्या फळ्यांमागं शोधलं. त्यांच्यासमोरच शोधलं, चूक केली. ते लाल झाले. म्हणाले, मले माउस धरता येत नाई अन् तुमी मले चोर म्हनून राह्यल्या? बाबूसिंग हसत सुटले. चाचांना म्हणाले, ओ मियाँ, तुमी तं हॅकर निंगाले! चाचा हसले नाहीत. मीही नाही. आता मला बाबूसिंगांचाही संशय येतो. इतका हसणारा माणूस तेरा तारखेचं नाव निघालं की हसत नाही.

अजून एक. बत्ती-७ फाईलमध्ये लिहितंही. प्रत्येक पाळीला एक ओळ, सहा वर्षांची. सगळ्या ओळी सारख्या: २१२, आत, बॅटरी तीन टक्के. दिव्याची बॅटरी बारा तास चालते.

सोमवार, १० फेब्रुवारी

फाईल निदान नवी नोंद तरी घेते का, हे पाहायला आम्ही एक खोटी नोंद टाकतो. टेस्ट एंट्री. रोजचीच गोष्ट. चाचांना विचारलं तर हात जोडून नाही म्हणाले. उतरायचं नसेल तर बिल्ला लावायचा नाही, हा खेळ नोहे.

दुपारी ते नमाजला गेले तेव्हा मी केलं. जादा बिल्ल्यांतला ३४० घेतला, खुंटीला लावला, एक दिवा घेतला, यंत्रावर नाव टाकलं: निशिगंधा, सात नंबर. नोंद लगेच झाली. आत – दोन.

मग ‘बाहेर’ दाबलं. झालं नाही. फाईल कुलूपबंद.

चाचांनी परत येऊन बोर्ड पाहिला. ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते खाली बसले. मी ३४० काढायला हात पुढं केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, बेटी, आता नको काढू. आता तेवढाच हाये तुले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फाटकावर माझं कार्ड चाललं नाही. यंत्र म्हणतं, ही व्यक्ती आधीच आत आहे. बाबूसिंगांनी फाटक उघडायला लावलं. म्हणाले, मॅडम, रेकॉर्डनुसार तुमी तं पाण्यात हाये, पोहून राह्यल्या.

जमनीयाडी आली होती. बोर्डावरचे दोन्ही बिल्ले पाहिले, मग मला पाहिलं. जवळ येऊन माझी बाही धरली आणि मग आपली बोटं हुंगली. चाचांना तिच्या बोलीत काही म्हणाली. चाचा सांगेनात. फार विचारलं तेव्हा म्हणाले, ती म्हणते पोरीची बाही ओली आहे.

ओली होती. पिळली तर काळं पाणी निघालं. आज मी नळाकडे गेलेलीसुद्धा नाही.

जाताना तिनं मला विचारलं – हे मला कळलं, मराठीतच विचारलं – माझा लखन दिसला का तुले?

बुधवार, १२ फेब्रुवारी

जे केलं ते क्रमानं लिहिते.

एक, फाईलची प्रत काढली. दोन, बत्ती-७ चं कुलूप जबरदस्तीनं तोडलं. तीन, २१२ बाहेर. चार, ३४० बाहेर.

आधी चाचा आले होते. २१२ पुसू नका, पुसायचं असेल तर दोघांना एकदम काढा, एकाला मागं ठेवू नका, असं म्हणत होते. मी म्हटलं, एकदम काढता येत नाही, एकामागून एकच येतं. ही यंत्राची पद्धत आहे.

तीनपर्यंत झालं. चौथ्याला कुलूप परत लागलं होतं. मधे एक सेकंदसुद्धा गेला नसेल.

आत – एक. ३४०. बॅटरी सत्त्याण्णव टक्के.

बत्तीघरातून चाचांची हाक आली. २१२ ची खुंटी रिकामी. टेबलावर एक जुना दिवा, काच तडकलेली, ओला. दारापासून टेबलापर्यंत काळी पावलं. येणारी आणि जाणारी.

चार वाजता जमनीयाडी आली. आज मंगळवार नाही. हसत होती. लखन घरी आला, जेवला, झोपलाय, उठवू नका म्हणाली. माझ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

बाबूसिंगांना सांगितलं, पावती निघणार नाही, अजून एक आत आहे. ते म्हणाले, ते तं तुमची टेस्ट एंट्री हाये मॅडम. तुमी तं समोर बसून राह्यल्या. मी हातानं सही करतो. यंत्राची चूक, असं लिहितो.

सहा वर्षांपूर्वी हेच लिहिलं होतं. त्या कागदावरची सही मी आता पाहिली. यांचीच आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळ. ऑफिसात आहे. बाबूसिंगांना थांबा म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही. फोनवर कुणाला तरी सांगत होते, त्या बाई कालच निघून गेल्या, न सांगता –

कुणीच पाहत नाही. खुर्चीखाली पाणी.

दहा वाजले असावेत. इथं अंधार आहे. खिडकी होती –

दिवा आहे डोक्यावर. माझाच, ३४०. एकेचाळीस टक्के.

भिंतीवर रेघा. कुणीतरी दगडानं ओढलेल्या, पाच-पाचच्या. मोजता येत नाहीत इतक्या. भिंतीत हजेरीचं जुनं यंत्र, पाण्याच्या वर हातभर. एकच बटण. अंगठ्यानं झिजून खोलगट झालंय.

दाबलं. अंगठा बरोबर बसतो.

म्हणजे हेच. ‘मी आहे’. साठपर्यंत मोजायचं आणि –

काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज. काल खिडकीबाहेर होता. आता वरून येतोय.

चाचा ओरडताहेत. लांब, वर. बिल्ला हाये! अजून एक आत हाये! कुणीतरी हसलं. मॅडमची टेस्ट हाये ते, मियाँ, बाजू व्हा –

दाबलं.

वाळू पडतेय. गार.

बारा टक्के. दाबलं.

बाबा, जे केलं ते लिहिलंय सगळं. उलटं फिरता येतं. ३४० बाहेर, एवढं एकच कुणीतरी वरून –

तीन टक्के.

अजून तीनच. उतरत नाही आता.

सत्तावन्न, अठ्ठावन्न. दाबलं. मोजताना लिहिता येत नाही, चुकतं. चाचा, बोर्डावरून काढू नका, काही झालं तरी, मी दाबतेय, ऐका, दर साठाला मी –

अठ्ठावन्न, एकोणसा