खरवडलेली नऊ घरं

आप्पा,

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या नऊ घरांना परवा मी नंबर घातले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्याशी कडकडून भांडावं असं वाटलं ते याच उन्हाळ्यात. तुमच्यासारखीच मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तुमच्यासारखंच मलाही जनगणनेचं काम आलं, तेही आपल्याच गावाचं. तुम्हाला गेरूचा डबा आणि कागदांचा गठ्ठा मिळाला होता, मला मोबाइलमध्ये नकाशा. त्यात आपल्या गावाची हद्द, म्हणजे लातूर जिल्ह्याचीही, ओढ्यावर संपते. पर्यवेक्षक म्हणाले, बाई, वस्ती नांदेडात आहे, मागच्या नकाशातही आपल्याकडे नव्हती, उगीच कशाला ओढवून घेता. मी मान डोलावली.

तरी गेले. त्या वस्तीवरची एक मुलगी चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायची, म्हणून गेले. ती आता पुण्याकडे असते. तिची म्हातारी आई दारात शेंगा फोडत बसली होती. तिने मला ओळखलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. नांदेडकडून कुणी मोजायला आलं होतं का, असं विचारलं, तर म्हणाली, आला होता एक मास्तर, पण त्यांची हद्द वस्तीमागच्या शिवेच्या दगडाशीच संपते म्हणून माघारी गेला. म्हणजे नांदेड दगडापर्यंत, लातूर ओढ्यापर्यंत आणि ही माणसं मधल्या मध्ये. रस्ता मागितला की तिकडचे इकडं पाठवतात, इकडचे तिकडं. अंगणवाडी मागितली की विचारतात, तुमची माणसं कोणत्या गावात धरली आहेत ते आधी दाखवा. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "मागं एक गुर्जी आल्ते. हितंच बसून च्या पेले. समद्या घरची मानसं लिहून नेली. नंबर घालाया उद्या येतो म्हनले. मंग का आले न्हाईत, काई कळलं न्हाई."

गावात तेव्हा मोजणीला तुमच्याशिवाय दुसरं कोण होतं? इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुम्ही ओढ्यापाशीच थांबलात.

परतताना मला आपलं स्वयंपाकघर आठवत राहिलं. घरात शहाबादी फरशी तेवढी सपाट, म्हणून तुम्ही गावाचा नजरी नकाशा तिथं पसरला आहे. आई पाठ करून भाकरी थापते आहे, पीठ कागदावर उडू नये म्हणून. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. मी वाकून बघते आणि विचारते, माझ्या मैत्रिणीचं घर कुठं आहे? तुमच्या हातातलं ब्लेड थांबतं. "ती वस्ती नांदेडात जाती. लई शहाणपणा करू नको," म्हणून तुम्ही मला बाहेर काढता. दुसऱ्या दिवशी लाल-निळी पेन्सिल आणून देता, जी मी महिनाभर मागत होते. मला वाटलं, रागावल्याचं तुम्हाला वाईट वाटलं. काय खुळी होते मी.

कारण तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मोठ्या पुरात ओढ्याने पात्र बदललं, पूर्वी वस्तीच्या मागून वाहायचा तो अलीकडून वाहू लागला, पण शिवेचा दगड होता तिथंच राहिला, हे तुम्हीच आम्हाला फळ्यावर काढून शिकवलं होतं. घरी येऊन मी तुमची ट्रंक उघडली. नकाशाची कच्ची प्रत खालीच होती. उजेडात धरली तर ओढ्यापलीकडे नऊ त्रिकोण खरवडलेले दिसले. टाचणीला कुणाची तरी चिठ्ठी होती: लेखी वर्णनात सीमा ओढा आहे, दुरुस्त करून आजच द्या. आणि तुम्ही दिलात. वरून साहेबाची घाई, डोक्यावर बदलीची टांगती तलवार, हे सगळं मला कळतं. नंतर त्या वस्तीचे अर्ज तुम्ही जन्मभर फुकट लिहून दिलेत, तेही आठवतं. तरी राग येतो, आप्पा. एवढे अर्ज लिहिलेत, त्यात एक ओळ खरी लिहायची होती.

शनिवारी माझा गट, म्हणजे मला मोजायला दिलेला भाग, बंद होणार होता आणि एकदा बंद झाला की पुढच्या मोजणीपर्यंत काही करता येत नाही. तलाठी म्हणाले, नुसत्या दगडावर भागणार नाही, ही वस्ती तुमच्या गावात धरल्याचा एखादा जुना कागद असेल तर आणा. कागद माझ्या ट्रंकेत होता. पण शाळेच्या ऑफिसात आदर्श शिक्षक म्हणून तुमचा फोटो लावलेला आहे आणि मी रोज त्याच्याखाली बसून हजेरी भरते. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. शनिवारी सकाळच्या एसटीने अहमदपूरला गेले आणि नकाशा तहसीलच्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "कुणी खरवडलं हे?" मी म्हटलं, माहीत नाही, शाळेच्या कपाटात सापडला. त्यांनी तलाठ्याला शिवेवर पाठवलं, दगडाचा फोटो मागवला आणि दुपारी हद्द ओढ्यावरून दगडावर गेली. नकाशा त्यांनी ठेवून घेतला.

नंबर घालताना म्हातारीने विचारलं, ते गुर्जी कोन व्हते गं? मी चौकटीवरचा आकडा नीट गिरवत राहिले.

हे पत्र ट्रंकेत ठेवते आहे, नकाशा होता तिथं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तुमची सही होती. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याच फरशीवर बसून ती मी ब्लेडने खरवडून काढली.