अब्बांची रिक्वेस्ट

सांगली, मंगळवार

मोहसीनचाचांना सुमैराचा सलाम. मी इकडे खुशाल आहे. तुमचा खांदा कसा आहे? लेथ मशीनवर एकट्याने लोखंडाचे जड जॉब उचलत नसाल अशी आशा आहे (उचलत असणार, मला माहीत आहे. भाऊ कुणाचे!). फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून पत्र लिहिते.

तर झालं असं, की आमचे सर म्हणाले, लिंक्डइनवर माणसं जोडा, नाहीतर डिग्री घेऊन घरी बसा. मी लागलीच कामाला लागले. स्वतःबद्दल लिहिलं, 'नेतृत्वगुणांनी संपन्न' (आजवर नेतृत्व केलं ते आपल्या दोन शेळ्यांचं, त्याही ऐकायच्या नाहीत). चारशे बारा माणसं जोडली आणि सगळ्यांना एकच मजकूर चिकटवून पाठवत सुटले, की नोकरी असेल तर सांगा. एकाने उत्तर दिलं, 'तुम्हालाही शुभेच्छा.'

त्याच सुमारास अब्बांनीही खातं उघडलं. तुम्हीच उघडून दिलंत, नाही म्हणू नका. फोटोत ईदचा कुर्ता आहे आणि कडेला तुमचा अर्धा कान आहे. 'शमशेर मिस्त्री, लेथकाम, लोणंद.' माणसं जोडलेली एकोणीस. पण प्रत्येकाच्या पोस्टखाली जाऊन दुकानात बसल्यासारखं बोलायचे. कुणाला बढती मिळाली, की 'लय भारी! आईचा गुडघा कसा हाय आता?' कुणी मशीनचा फोटो टाकला, की 'सायेब, बेअरिंग बघून घ्या. लोणंदला आला तर चहा घेतल्याबिगर जाऊ नगा.' मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात मलाही रिक्वेस्ट पाठवली. मैत्रिणी बघतील म्हणून मी ती तशीच ठेवली. रोज फोनवर विचारायचे, 'आली का गं?' मी म्हणायचे, नेट न्हाई अब्बा. डिसेंबरात ते गेले, आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

परवा तोच चिकटवलेला मजकूर इथल्या एका पंपांच्या कारखान्यातल्या विश्वजित साहेबांना गेला. त्यांचं उत्तर आलं, त्यात नोकरीचं अक्षर नव्हतं. 'तुम्ही लोणंदच्या दिसता. शमशेरभाई मिस्त्री ओळखीचे आहेत का? चार महिने झाले, त्यांनी आईच्या गुडघ्याची चौकशी केली नाही. तब्येत बरी आहे ना?'

चाचा, मी कॉलेजच्या वर्कशॉपच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडले. माझ्या चारशे बारांतल्या एकालाही मला आई आहे की नाही हे ठाऊक नाही. मी कळवलं, ते माझे अब्बा होते. साहेबांचा लगेच फोन आला, आधी अब्बांचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, पुढच्या सोमवारी या, प्रोजेक्ट दाखवा; पसंत पडला तर बघू, पण चहाला नक्की या. तेव्हा सोमवारी जाते आहे, दुआ करा. चाचींना सलाम सांगा.

तुमची,
सुमैरा

ता. क. : 'नेतृत्वगुण' काढून टाकले. आता लिहिलंय, 'शमशेर मिस्त्रींची मुलगी.'

आणखी एक ता. क. : खरं काम हेच आहे, वर नुसती टाळाटाळ केली. अब्बांची रिक्वेस्ट माझ्याकडे अजून तशीच पडून आहे. त्यांचा मोबाइल तुम्ही दुकानाच्या कपाटात बंद करून ठेवलाय ना? येत्या रविवारी तो चार्ज करा, तुमच्या मोबाइलवरून त्याला नेट द्या आणि त्यांच्या लेथवर ठेवा. बरोबर अकरा वाजता मी इथून रिक्वेस्ट स्वीकारायचं बटण दाबणार आहे. तिकडे मोबाइल वाजला, की त्यांना मोठ्याने सांगा, आली म्हणून.