परदेशी शेअर आणि मधलं पान

बाबा,

तुमच्या मुलीच्या घरी भिंतीवर दोन घड्याळं आहेत आणि त्यातल्या एकानं माझ्यावर घोर अन्याय केला आहे. एक आपल्या मूल गावची वेळ दाखवतं, दुसरं अमेरिकेची. भर मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. चुलीवर मासोळ्यांचं कालवण रटरटत होतं, मी ओसरीवर जरा डोळा लावला, उघडून पाहिलं तर तीन वाजून गेलेले. चंद्रपूरची गाडी चुकणार म्हणून पिशवी उचलून धावत स्टँडवर आलो आणि तिथं कळलं की मूलमध्ये अजून एकसुद्धा वाजला नाही. तीन वाजले होते ते न्यूयॉर्कला, तेही पहाटेचे. अडीच तास पत्र्याच्या शेडखाली उपाशी बसलो. ज्या देशात मला कुणी ओळखत नाही, त्या देशानं माझं जेवण बुडवलं. एवढा दूरचा हात इतक्या जवळ पोचतो हे तुम्हाला सांगावं, असं तेव्हाच वाटलं होतं.

घड्याळ भेट म्हणून आलं होतं. आणणारा जावयाच्या आतेभावाचा मुलगा, नागपूरचा, इस्त्रीचा शर्ट आणि दोन मोबाइल. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भागात शेअर म्हटलं की लोक मुंबईचं नाव घ्यायचे आणि खालच्या आवाजात बोलायचे. आता, बाबा, सरकारनं साध्या माणसालाही दरवर्षी ठरावीक डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली आहे, आणि हा पोरगा गावोगाव फिरून सांगतो की मूलच्या माणसानं अमेरिकेतल्या कंपनीचा भागीदार व्हावं. तिकडचा बाजार कधी उघडतो ते कळावं म्हणून ज्याच्या त्याच्या घरी एक घड्याळ. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तुमचं मत मला माहीत आहे. माझंही तेच आहे.

पैसे होते तुमच्या मुलीकडे. जावई राईस मिलमध्ये मशीन सांभाळतो. त्यांचा रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा गाव वाढल्यावर चांगल्या भावानं गेला. तेवढेच पैसे, आणि ते नातीच्या फार्मसी कॉलेजसाठी राखलेले. नात अकरावीत आहे. म्हणजे पैसे लागायला फार वेळ नव्हता, आणि गेले असते तर परत आणायला दुसरा तुकडा नव्हता. तिनं मला पुन्हा बोलावलं ते यासाठीच. मी पेपरात टोमणे लिहितो, तेव्हा मला सगळं कळत असणार, असा नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही.

त्या दिवशी तुम्ही फार आठवलात. धानोऱ्याकडच्या फडावर, बिडीची पानं जिथं विकत घेतात तिथं, तुम्ही ठेकेदाराचे मुनशी म्हणून बसलेले, समोर तेंदूपानांची पुडकी ओळीनं मांडलेली, बाया घाम पुसत उभ्या. वरची पानं हाताएवढी, खालचीही तशीच, आणि मधे कुठं फाटकं, कुठं बारीक. तुम्ही वरच्या पानाकडे पाहतच नसा. पुडकं फोडून मधलं पान काढायचं, उजेडात धरायचं, मग दुसरं पुडकं. बाकीचे मुनशी चार-दोन पाहून माल घेत, तुम्ही प्रत्येक फोडत होतात. सूर्य बुडाला तरी रांग संपत नसे. मी लहान होतो, तुमच्या मागं बसून मला वाटायचं, माझ्या बापाला कोणी फसवू शकत नाही. फसवलं नाहीच कुणी. पुढच्या हंगामात बाया शेजारच्या फडावर गेल्या आणि ठेकेदारानं तुम्हाला घरी बसवलं. तो भाग तुम्ही सांगताना नेहमी गाळायचात.

तर तो पोरगा आला, जेवला, आणि त्यानं फाइल उघडली. कंपन्यांची नावं, काचेच्या इमारती, आणि एक आलेख, डावीकडून उजवीकडे वर वर चढत गेलेला. ‘काका, पाहा, ग्रोथ कशी आहे.’ मी विचारलं, हा इथूनच का सुरू होतो, त्याच्या आधी तिकडे बाजार नव्हता का? तो हसला. त्याच्या आधी तो जोरात पडला होता, ते त्यानं मान्य केलं. पण ‘पास्ट इज पास्ट’ म्हणाला. त्याला पकडलं म्हणून मला बरं वाटलं. मग मी तुमची विद्या काढली. पहिली पानं सोडली, शेवटची सोडली, फाइल बरोबर मधोमध उघडली आणि चष्मा सारून वाचायला लागलो. मधे मोटारींची चित्रं होती. दुसऱ्यांदा उघडली, समुद्रकिनारा निघाला. मी गंभीर चेहऱ्यानं त्या समुद्राकडे बराच वेळ पाहत राहिलो.

त्याचा मोबाइल वाजला, तो अंगणात गेला. मी फाइल मिटवून बहिणीला सांगितलं की विषय संपला, त्याला नाही म्हणून सांग. तिनं विचारलं, काऊन? मी म्हणालो, मला भरोसा वाटत नाही. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग बोलली, आवाज न चढवता.

‘भाऊ, तू बी बाबासारकाच करून राह्यला. बाबानं मले डी.एड.ले चंद्रपूरले जाऊ देल्लं नाई. काऊन, तं म्हणे होस्टेलच्या बाईवर भरोसा नाई. त्या बाईले बाबानं पाह्यलं तरी होतं का? नाई म्हणाचं असन तं म्हण, पण वाचून म्हण.’

बाबा, तिचा नंबर लागला होता, ट्रंकेला रंगसुद्धा देऊन झाला होता, हे मला आठवत होतं. तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. त्या ट्रंकेत आता ती तांदूळ ठेवते.

मग तिनं फाइल ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, शाळेतल्या पोरीसारखं बोट ठेवून. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, कुणापासून न लपवता लिहिलं होतं: लहान गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून शेअर आमच्या फर्मच्या नावे घेतले जातील. वरचंच पान, बाबा. तुम्ही आणि मी तिथं कधी थांबलोच नसतो.

पोरगा आत आला तेव्हा तिनं सरळ विचारलं, शेअर माझ्या नावावर नाहीत का? तो म्हणाला, ताई, छोट्या रकमेला असंच सोयीचं पडतं. मग तिचा पाढा सुरू झाला. रुपयाचे डॉलर करताना बँक किती कापते, परत आणताना किती, तिकडचा दलाल किती, आणि तू किती? त्यानं सांगितलेले आकडे जोडले तर तिच्याएवढ्या लहान रकमेतून बरंच आधीच झडत होतं. शेअर चढला पण डॉलर स्वस्त झाला तर? तर फायदा तेवढा खाल्ला जाईल, असं तो मान्य करत हळूच म्हणाला. लाभांशावर कर तिकडे, की इकडे? तिकडे कापला जातो, इकडेही दाखवावा लागतो. हे सगळं त्याला येत होतं. तो लबाड नव्हता. त्याच्या आईचेही पैसे त्यात होते, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली.

‘आन मी मेली तं?’ तिनं विचारलं. ‘माह्या पोरीनं कोनाच्या दारात जाऊन म्हणाव की हे पैसे माह्या मायचे हायेत?’

त्यावर त्यानं दोन्ही मोबाइल चाळून पाहिले. म्हणाला, विचारून सांगतो. त्यानंतर पुन्हा आला, चहा घेतला, घड्याळ ठेवून घ्या म्हणाला, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्याला नागपुरातही कुणी दिलं नव्हतं. तुम्ही असता तर त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. तिनं जेवू घातलं, वरून सांगितलं की तुझ्या आईचे पैसे आधी तिच्या नावावर करून घे.

मला वाटलं, झालं, आता पैसे पोस्टात. पण ती तुमची मुलगी असली तरी तुमच्यासारखी नाही. नातीच्या फीचे पैसे तिनं ठेवीत टाकले, त्यांना हात लावायचा नाही असं जावयालाही बजावलं. उरलेल्यातला लहानसा भाग, बुडाला तरी चूल विझणार नाही एवढा, तिला बाहेर लावायचाच होता. म्हणाली, साऱ्या जगानं कमवावं आन मी भिंतीवर घड्याळच पाहाव का? आपल्याकडच्याच म्युच्युअल फंडाची एक योजना निघाली होती, जी रुपये घेऊन बाहेरचे शेअर घेते; खातं तिच्या नावावर, वारस म्हणून मुलीचं नाव, तक्रार करायला ऑफिस याच देशात. डॉलरचा चढउतार तिथंही आहे, खर्चही आहे, आणि तो फंड वर जाईलच याची हमी कुणीही दिलेली नाही. मला ती योजनाही संशयास्पद वाटते. मला पोळ्याचा बैलही संशयास्पद वाटतो.

काल तिच्यासोबत चंद्रपूरच्या बँकेत गेलो होतो. हे पत्र मी कुठं टाकणार नाही. टाकलं असतं तरी तुम्ही पाकीट उलटंसुलटं करून, तिकिटावरचा शिक्का उजेडात पाहून, न फोडताच ठेवून दिलं असतं. पण एवढं लिहून ठेवतो. समोरचा अधिकारी चांगला होता, तरुण, घाईत. बहीण त्याला विचारत होती की तीन वर्षं पैसे काढले नाहीत तर काय आणि मधेच काढले तर काय. दोन प्रश्न झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि सवयीनं माझ्याकडे वळून म्हणाला, ‘साहेब, तुम्ही त्यांचे मोठे भाऊ ना? तुम्हीच सांगा, करायचं का?’

ती माझ्याकडे पाहत नव्हती. टेबलाच्या कडेवर तिचा हात होता.

‘मला यातलं काही कळत नाही,’ मी म्हणालो. ‘त्यांनाच विचारा.’

तो तिच्याकडे वळला आणि सांगायला लागला. तुमच्याकडून तिचं जे येणं राहिलं होतं, त्यातलं तेवढं मी दिलं. आणि बाबा, मी म्हणालो ते नम्रपणानं नव्हतं. मला खरंच काही कळत नाही.