गेलो म्हणजे नेमकं कोण गेलं

१० फेब्रुवारी, सोमवार
उद्या तपासणी! मुंबईहून किशोरी मॅडम येणार, आमच्या एचआयव्ही सेंटरची आकडेवारी खरी की खोटी ते बघायला. या की, बघा! पाच महिने सलग आमच्या घरभेटी शंभर टक्के. गोळ्या न्यायला न आलेला एकेक पुरुष घरी जाऊन गाठलेला. प्रशस्तिपत्रक भिंतीवर आहे. काच पुसून घेतली. बार्शीला आईला फोटोही पाठवला.

११ फेब्रुवारी
मॅडम चहा घेत नाहीत, बिस्किटाला हात लावत नाहीत. सकाळपासून रजिस्टरं उलटताहेत.
दुपारी चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "दीपिका, तुमच्याकडे गाव सोडून फक्त बायकाच जातात का? स्थलांतरित बायका नऊ, पुरुष शून्य. कोकणातला एकही पुरुष मुंबईला जात नाही?"
मी हसले. मग संगणकाकडे नीट बघितलं आणि हसायची थांबले.

१२ फेब्रुवारी
भांडं फुटलं! आणि तेही एका शब्दानं.
घरोघरी जायचं काम आमच्या गंगारामकाकांचं. पन्नाशीचे आहेत, पायाला भिंगरी. परत आले की शेऱ्याच्या रकान्यात लिहितात — "गेलो". मी बार्शीची! गेलो म्हणजे मी गेलो, म्हणजे काका जाऊन आले. टाकली घरभेट! पण मालवणीत तो गेला म्हणायचं तरी "तो गेलो"च म्हणतात. म्हणजे माणूस गाव सोडून गेलाय! बायकांपुढे काका "गेली" लिहायचे, ते मला बरोबर कळायचं. दोन वर्षं इथलं पाणी पितेय, आणि अक्कल ही.
काकांना विचारलं, "मग 'गेलो' लिहिलेले हे अकराही पुरुष गाव सोडून गेलेत?"
रजिस्टर हातभर लांब धरून बघत राहिले. "तसा न्हय मॅडम. काय ठिकाणी तो गेलो, काय ठिकाणी मी गेलो."
"कुठं कोण?"
"ता आता कसा सांगू?"
किशोरी मॅडमनी पहिल्यांदाच चहा मागवला.

१३ फेब्रुवारी
प्रशस्तिपत्रक उतरवलं. आईला कळवलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अकरापैकी दहा सापडले. दोघांकडे काका खरंच गेले होते. सात जण गोव्यात नाहीतर मुंबईत आहेत, गोळ्या तिकडेच घेतात. एकानं मुंबईत गोळ्या सोडल्या होत्या. काकांनी फोनवर अशा काही शेलक्या शिव्या घातल्या की परवाच्या गाडीनं येतोय.
राहिला नोंदणी नंबर एकशे त्रेचाळीस. नाव इथंही लिहिणार नाही, गावही नाही. फोन बंद. पाच महिने गोळ्या नेलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात आजारी पडलाही असेल." आणि माझ्या संगणकात तो पाच वेळा भेटलाय! एक डेटा बघायचं काम दिलं होतं मला, तेही धड केलं नाही. स्वतःची लाज वाटते.

१८ फेब्रुवारी
काकांबरोबर त्याच्या घरी. घरात म्हातारी आई, तिला आजाराचं काही माहीत नाही. म्हणून वाटेत काकांनी पढवलं, "तुमी आंब्याच्या विम्याच्या मॅडम."
म्हातारीनं मला हाताला धरून थेट बागेत नेलं. "बघा, मोहर सगळो गळलो! लिवन घेवा!" अर्धा तास एकेका कलमापुढे उभं केलं. मी वहीत लिहीत होते. इतकी चोख नोंद दोन वर्षांत केली नसेल!
शेवटी हळूच विचारलं, "मुलगा कुठं आहे?"
"गेलो."
परत तोच शब्द! काकांनी विचारलं, "खंय गेलो?"
"पत्रिका वाटूक! लगीन आसा त्येचा. सून बरी गावली हां. तुमी पण येवा!"
आणि पत्रिका हातात.

२० फेब्रुवारी
जिवंत आहे, हिंडतोय, म्हणून आनंद झाला. पण पत्रिकेवर त्या मुलीचं नाव आहे. सारखं तेच दिसतं. तिला माहीत आहे का? आपण सांगायचं नाही. नियम आहे, आणि बरोबरच आहे, नाहीतर आमची पायरी कोण चढेल? पण ती मुलगी!
काका म्हणाले, "आपल्या तोंडाक कुलूप. त्येका गाठूया, त्येच्याच तोंडान तिका सांगूक लावूया."
पत्रिकेवर त्याचा नवीन नंबर होता. लावला. "सोमवारी येतंय," म्हणाला आणि ठेवला. आला नाही तर?

२४ फेब्रुवारी, सोमवार
आला. धडधाकट. बरोबर एक मुलगी, केसात अबोलीचा वळेसर. मी तिला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा."
ती समोरच बसली. "माका कित्याक भायर? तुमी माका वळखूक नाय? मी एकशे नव्वद."
तोंडानं मी कुणालाच ओळखत नाही, पण नंबर सगळे पाठ आहेत. एकशे नव्वद — नऊ स्थलांतरित बायकांतली सहावी. कोल्हापुरात कामाला असते. तो दर महिन्याला फोंडाघाटाच्या गाडीनं वर तिच्याकडे जातो, दोघं तिथल्याच सेंटरमधून गोळ्या घेतात. एक दिवस चुकलेला नाही.
लग्न जमलं कुठं, विचारलं. आमच्याच बाकावर म्हणे, गोळ्यांच्या रांगेत.