पिकअप डावीकडे का जाते

२ मार्च
सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरले, तरी गाडी हळूहळू कडेला का सरकते? चालवणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते. उत्तर मोठे सुंदर आहे — पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये किंचित उंच बांधतात! आपण स्वतःला सपाटीवर समजतो, असतो उतारावर. घट्ट स्टिअरिंग तो उतार जाणवू देत नाही. आमच्या जुन्या पिकअपचे ढिले झाले आहे, एवढेच.

'एवढेच' लिहिताना पेन अडखळले. आज यांनी बांधकामाच्या फाटकाच्या खांबाला पिकअप घासली. मागे लादलेल्या खिडक्यांच्या निम्म्या काचा फुटल्या. बिल्डरने बजावले — पुन्हा असे झाले, तर काम दुसऱ्याला. काचा पोहोचवणे आणि बसवणे, याखेरीज यांनी जन्मात काही केलेले नाही.

५ मार्च
स्टिअरिंग चार बोटे फिरते, तेव्हा कुठे पुढची चाके हलतात. "स्टिअरिंगच्या बॉक्समधले दात झिजलेत, मॅडम. नवा मिळणं कठीण," मेकॅनिक म्हणाला. मला मात्र आनंद झाला. कारण सापडले! मी त्याला दातांची रचना समजावू लागले.

"हिचा तास सुरू झाला. हजेरी दे बाबा," हे पायरीवरून म्हणाले. हसले नाहीत.

९ मार्च
बॉक्स नाही. कुठेच नाही.

१४ मार्च
भंगारात मिळाला — चांगल्या अवस्थेतला! जुन्या बॉक्सखालचा, चाके वळवणारा दांडा सुटता सुटेना. ओढून काढायचा पुलर लावला, दांडा तापवला, मेकॅनिकने शिव्या घातल्या, मग सुटला. बसवण्यातली खुबी अशी : बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, फेरे मोजायचे, निम्मे मागे यायचे. तो मध्य मी स्वतः साधला. आज जेवण गोड लागले.

१५ मार्च
डावीकडेच! कठड्याला घासली. "मी सरळच धरलं होतं गं," हे म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवून आत गेले. बिल्डरचा फोन येऊन गेला. काम संपले.

मध्य चुकला असणार. माझाच.

१७ मार्च
सगळे पुन्हा तपासले — मध्य, टायरची हवा, चाकांची अलाइनमेंट, बोल्ट. एकही दोष नाही. दोष न सापडणे इतके भयंकर असेल, असे कधी वाटले नव्हते.

मेकॅनिक फेरी मारून आला. "सुतासारखी सरळ जाते." मग आवाज खाली आणून, "वहिनी, एकदा साहेबांच्या शेजारी बसून बघा." इतके दिवस मॅडम होते, एकदम वहिनी!

मी चालवली — सरळ. हे चालवायला बसले — गाडी डावीकडे. पहिल्यांदाच मी रस्त्याऐवजी यांच्या हातांकडे पाहिले. डावा हात स्टिअरिंग धरत नव्हता. त्यावर नुसता लोंबकळत होता.

१८ मार्च
डॉक्टर भाच्याने फोनवर चाचणी सांगितली. सोपी आहे, कोणालाही करता येईल. डोळे मिटायचे. दोन्ही हात समोर सरळ, तळवे वर. सावकाश दहा मोजायचे. दोन्ही हात होते तिथेच राहिले पाहिजेत; एखादा घसरला, तर दोष हातात नाही, मेंदूत.

मी सात म्हणताच यांचा डावा तळवा आत वळला आणि हात खाली येऊ लागला.

"झालं का गं?" डोळे मिटूनच विचारत होते. "दोन्ही सरळ आहेत ना?"