मांजर्लीची नात

प्रिय आत्याबाई,

काल दुपारी कविता आपल्या दारात आली. हो, तीच. तुमच्या वसंताला घेऊन गेली म्हणून जिच्या नावानं मी इतकी वर्षं बोटं मोडली, ती. तेव्हापासून मला स्वतःचीच लाज वाटतेय. सांगू कुणाला? सासू असून तुम्हीच माझं सगळं ऐकून घेतलंत, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

वसंत गेला तेव्हा आमची ज्योती दुसरीत होती. तुम्ही बदलापूर गावातलं घर पुतण्याच्या हवाली केलंत आणि बोचकं घेऊन बुवापाड्यात, माझ्या चाळीतल्या खोलीवर आलात. "शोभा, तो गेला. मी नाही जायची," म्हणालात. कुठली सासू असं करते हो? आणि मी काय म्हणाले? "तुमच्याच पोटचा ना!"

पुढं रोज तेच. उल्हासनगरच्या सिंधी शेठकडून मी जीन्सचे गठ्ठे आणायचे, तुम्ही डोळे बारीक करून त्यांचे सुटे धागे कापत बसायचात. शेजारीण काही खोचक बोलली, लाइट गेली, दूध नासलं, की मी तुमच्यावर घसरायचे. तो समोर नव्हता. तुम्ही होतात. एकदा तरी "बस झालं शोभा" म्हणायचंत!

मग कळलं, तिकडं मांजर्लीत वसंताला आणि कविताला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ठेवणीतलं पातळ नेसलात. "एकदा बघून येते गं. त्या पोरीचा काय दोष?"

मी दारात आडवी उभी राहिले. "जा ना. पण मग तिकडंच राहा."

तुम्ही चपला काढल्यात आणि तशाच, ठेवणीतल्या पातळात, धागे कापायला बसलात. तिचं नाव पुन्हा कधी काढलं नाहीत. डोळे मिटलेत तोवर नाहीच. आणि मला तेव्हा काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं! शेजारच्या मंदाला मी ते हसून सांगितलंसुद्धा.

काल कविता उंबऱ्याबाहेरच थांबली होती. सोबत आठेक वर्षांची पोर. "ताई, मागायला नाही आले. दिवाळीपासून ते आमच्याकडंपण नाहीत. दुसरीकडं संसार मांडलाय म्हणे. पोरगी सारखी विचारते, आपलं कुणीच नाही का? म्हणून आणली."

तिला सुनवायचं म्हणून किती शिव्या जपून ठेवल्या होत्या मी! एक आठवली नाही. तिचा चेहरा बघितला. वसंत गेल्यावर आरशात मी हाच चेहरा बघायचे. "आत या," एवढंच तोंडातून निघालं.

पोरीचं नाव सुजाता. ऐकताना मान तिरकी करते, थेट तुमच्यासारखी. बुद्धांच्या तसबिरीशेजारचा तुमचा फोटो बघून विचारते, "ही कोण?"

"तुझी आजी."

"तिला मी माहीत होते?"

"हो. तुला बघायला निघाली होती ती."

"मग आली का नाही?"

आत्याबाई, सगळी चाळ माझ्या तोंडाला घाबरते. पण मी त्या पोरीच्या प्रश्नाला घाबरले. आजारी होती म्हणून सांगता आलं असतं. कविता माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हटलं, "मी जाऊ दिलं नाही, बाळा."

कवितानं मान खाली घातली. पोर मात्र जरा विचार करून म्हणाली, "मग तुम्ही या."

इतकं साधं होतं का हो ते? तेव्हा तुमचा हात धरून मीच तुम्हाला नेलं असतं तर?

वसंताला मी माफ केलेलं नाही. ते खोटं तुमच्यापाशी लिहिणार नाही. पण आज ज्योती कंपनीतून आली की तिला सगळं सांगेन, मी दारात आडवी उभी राहिले तेसुद्धा. ती माझ्यावर रागावेल. रागावू दे. उलट बोलणार नाही. आणि रविवारी आम्ही मांजर्लीला जाऊ. ज्योती नाही म्हणाली, तर मी एकटी जाईन. सुजाताला तिची आजी कशी होती ते सांगायचंय, आणि ते सांगायला आता माझ्याशिवाय कोण आहे?

तुमची सून,
शोभा