पुसलेली रेघ

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाई एकदाचे! खोकी पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलीत, कढई कुठल्या खोक्यात आहे ते देव जाणे, पण घर मनासारखं मिळालं. नवी लॅब चालत बारा मिनिटांवर, चिमणीची शाळा त्याच रस्त्याला. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. मधल्या खोलीला एक जास्तीचं दार आहे, ते एका अरुंद बोळात उघडतं आणि बोळ मागच्या अंगणाच्या दारापर्यंत जातो. ही मधली खोली चिमणीने पटकावली. वय वर्षं सहा, पण आत यायचं असेल तर आधी टकटक करायची, असा हुकूम निघालाय.

घराबरोबर एक जुना रहिवासीही मिळालाय, ढब्बू. अकरा वर्षांचा, तपकिरी, बसला की पोट जमिनीवर पसरतं. घरमालकीण आजी मुलाकडे राहायला गेल्या, तिथल्या इमारतीत कुत्रा चालत नाही. ढब्बूला सांभाळणार असाल तर घर तुमचं, अशी त्यांची एकच अट होती. चिमणीचे बाबा बोटीवर नोकरीला असतात, त्यांनी फोनवर हे ऐकलं आणि पोट धरून हसले.

किल्ल्या देताना आजींनी माझा हात हातात घेतला. तो घरात काही ठिकाणी ओलं करतो, म्हणाल्या, तेवढं चालवून घ्या, फार धुऊ-पुसू नका. मी बरं म्हटलं. बिचाऱ्यांना वाकवत नसेल.

६ नोव्हेंबर, बुधवार

वास आहे. दार उघडलं की नाकात शिरतो आणि डोळ्यांत झोंबतो. चिमणीची छाती आधीच नाजूक, काल दोनदा दम्याचा पंप द्यावा लागला. तेव्हा चालवून घेणं वगैरे जमायचं नाही.

लॅबमधली जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली. दुपारी पडदे ओढून मधल्या खोलीत लावली. वाळलेले डाग पिवळट-हिरवे चमकायला लागले. इकडेतिकडे शिंतोडे असतील असं वाटलं होतं. तसं नव्हतं. बोळाच्या दाराच्या उंबऱ्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक सरळ रेघ. वर्षानुवर्षं एकाच जागी. बाकी घर कोरं.

पद्धत लिहून ठेवते, पुन्हा लागेल. ताजं असेल तर आधी जुना टॉवेल दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही, घासलं की आत मुरतं. गार पाणीच वापरायचं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग एन्झाइमचं द्रावण, पण आधी कोपऱ्यात थेंबभर लावून रंग जात नाही ना ते बघायचं. डाग पूर्ण भिजवून वर ओलं फडकं टाकायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. सुकल्यावर खायचा सोडा भुरभुरवून झाडून घ्यायचं. ब्लीचची बाटली कपाटातून बाहेर काढायचीच नाही. लघवीतल्या अमोनियावर ते पडलं तर विषारी वायू होतो, आणि चिमणीच्या छातीला तेवढंच बाकी राहिलंय.

मी काम करत होते तेवढा वेळ ढब्बू शेजारी उभा होता. गुरगुरला नाही. नुसता थरथरत होता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

एन्झाइमने कमाल केली. टॉर्चखाली अर्धी रेघ गायब. आणि सकाळी बघते तर त्याच जागी ताजं ओलं! मी ओरडले. ढब्बूने कान पाडले, पण हलला नाही. उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसला, तोंड बोळाकडे.

दुपारी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मूत्रपिंड ठीक, साखर ठीक. नमुना मी स्वतः लॅबमध्येही तपासला. डॉक्टर म्हणाले, आपल्या जागेत दुसरं कोणी येतंय असं वाटलं की जनावर हद्द आखतं. घरात मांजर आहे का? शेजाऱ्यांचं एखादं येतं का? मी नाही म्हटलं. मग म्हातारपण असेल, म्हणाले.

१० नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमत पाहिली, तेव्हा तरी गंमतच वाटली. मी फरशी पुसून उठले की ढब्बू स्वयंपाकघरात जातो, भांडंभर पाणी पितो. थांबतो, परत पितो. पोट टम्म होईपर्यंत. मग धापा टाकत येतो आणि उंबऱ्यावर पाय वर करतो. चिमणी म्हणाली, आई, तो टाकी भरून घेतो. मी हसले आणि फडकं पिळलं.

दिवसातून पाच वेळा पुसते. तो पाच वेळा पाणी पितो. आमच्या दोघांत कोण आधी दमतंय ते बघायचं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चिमणीला शाळेत दम लागला. मुख्याध्यापिकाबाईंचा लॅबमध्ये फोन आला, धावत गेले. ओठ निळसर झाले होते. आता बरी आहे, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय.

ताईला फोन केला. ती फाडकन म्हणाली की पोर मोठी की कुत्रं? महिनाभर तरी त्याला कुठेतरी ठेव, घर एकदा नीट धुऊन काढ, मग बघू. थोरली बहीण आहे, बोलते तोडून, पण खोटं नाही बोलत.

डॉक्टरांच्या दवाखान्यामागे कुत्री ठेवायची सोय आहे. उद्या नेऊन सोडते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सोडून आले. पट्टा लावल्यावर तो जागचा हलेना. न्यायला आलेल्या दवाखान्याच्या माणसाने उचललं, तर त्याच्या हातातून सुटून मधल्या खोलीत पळाला, चिमणीच्या पलंगावर चढला आणि गादीवर, उशीवर, चहूबाजूंनी ओलं केलं. मी संतापले. अकरा वर्षांच्या प्राण्याला मी आज वहाण फेकून मारली. लिहिताना लाज वाटते.

मग गादी बाहेर काढली. टिपली, भिजवली, दोन दिवस उन्हात ठेवणार. उशीचा अभ्रा, चादर, चिमणीचा फ्रॉक, सगळं धुतलं. उंबरा तीनदा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

टॉर्च लावली. एक ठिपका नाही. घराला घराचा वास यायला लागलाय, साबणाचा आणि फोडणीचा. चिमणीला तीन दिवसांत पंप लागला नाही. ताईला कळवलं, तिने "बघ, सांगत होते" असं म्हणून घेतलं.

चिमणी शाळेतून आल्यावर बोळाच्या दाराशी बसून खेळते. कोणाशी तरी बोलत असते. मुलं बोलतातच.

१७ नोव्हेंबर, रविवार

बोळात, मागच्या दाराजवळच्या फरशीवर एक ओला डाग. ताटाएवढा. नळ तिथे नाही, छत कोरडं. हात लावला तर ओलं नव्हतं, नुसतं गार. बर्फासारखं गार. वास कसलाच नाही. अगदी कसलाच नाही. वाकून हुंगलं तर साबणाचा वाससुद्धा येईना.

टॉर्च लावली. चमकला नाही. उजेड त्यावर पडला आणि दिसेनासा झाला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एन्झाइम लावलं. सोडा लावला. व्हिनेगर लावलं. काही नाही. कापूस फिरवून लॅबमध्ये नेला. युरिया नाही, अमोनिया नाही, जंतू नाहीत. हाताखालच्या मुलीने विचारलं, मॅडम, नमुना घ्यायला विसरलात का?

डाग दोन फरश्या पुढे आलाय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आणखी दोन. उंबऱ्याला टेकला.

चिमणीला विचारलं, तू तिथे कोणाशी बोलतेस. ती रंगवत होती, मान वर न करता म्हणाली, "मागचं. ते आधी लांबच बसायचं. आता नाक धरत नाही."

मी विचारलं, कोण ते, कसं दिसतं.

म्हणाली, "दिसत नाही गं. थंड लागतं."

दाराला कुलूप लावलं. फटीत फडकी कोंबली.

२० नोव्हेंबर, बुधवार

उंबऱ्याच्या आत आहे.

आजींना फोन लावला. मी नीट बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, पुसलंत का? मी हो म्हटलं.  मग सांगायला लागल्या. त्यांना दोन मुलगे होते. धाकटा मधल्या खोलीत झोपायचा. तेव्हा घरात कुत्रं नव्हतं. एका सकाळी तो अंथरुणातच होता, डोळे उघडे, श्वास चालू, पण हाक मारली तर ओळख नाही, अंग बर्फ. तसाच वर्षभर होता, मग गेला. त्यानंतर दाराशी एक भटकी कुत्री आली, तिने उंबऱ्यावर ओलं केलं आणि घरातला गारठा गेला. ढब्बू तिचाच. आईचं बघून शिकला. मी इतकी वर्षं नाक दाबून राहिले, म्हणाल्या.

मी ओरडले, की आधी का नाही सांगितलंत! त्या रडायला लागल्या. सांगितलं असतं तर वेडी म्हणाला असतात, ढब्बूला कोणी ठेवलं नसतं. त्याला घेऊन या. आत्ताच्या आत्ता.

२० नोव्हेंबर, दुपारी

आधी चिमणीला घराबाहेर काढलं. लॅबच्या विश्रांतीच्या खोलीत कोचावर बसवलं, शिपाईकाकांना लक्ष ठेवायला सांगितलं. दवाखान्यात जायला वळले, आणि कोचाखाली —

ताटाएवढा. तिच्या पायाखाली.

म्हणजे ते आता नुसतं घरात नाही, आमच्यामागे येतंय.

तिला कडेवर घेतलं. पाय गार.

२० नोव्हेंबर, चार वाजता

ढब्बू मिळाला. ओळखू येईना. सोडला त्या दिवसापासून पाण्याला तोंड लावलं नाही, डॉक्टर म्हणाले, सलाईनवर ठेवलाय, नेऊ नका. नेला. रिक्षात चिमणीच्या पायावर डोकं ठेवून पडला. ती म्हणाली, ढब्बू गरम आहे.

घरीच आलो. तिच्या खोलीत, जिथे ढब्बूला सगळं ठाऊक आहे तिथे. मी त्याचा वास असलेलं, एक तरी न धुतलेलं फडकं शोधत होते. टॉवेल, चादर, उशी. सगळं धुतलेलं. घडी घातलेलं. माझ्याइतकं नीट कोण करतं?

चमच्याने पाणी पाजतेय. अर्धं बाहेर सांडतं. त्याची माफी मागितली. त्याने हात चाटला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

चिमणी उठली, पण उशिरा बोलते. विचारलं की तीन-चार श्वासांनी उत्तर. बोटं निळी. पंपाने काही होत नाही. रुग्णवाहिका बोलावली होती, त्यांनी तपासलं, न्यायची गरज नाही, छाती साफ म्हणाले. साफ!

ताई निघालीय. दुपारपर्यंत येईल.

डाग पलंगाच्या चारी बाजूंनी आहे. मधे पलंग कोरडा.

२१ नोव्हेंबर, दहा

ढब्बू वाटीभर प्यायला. स्वतःहून. मग दुसरी वाटी. मी रडले.

उभा राहिला. पाय लटपटत होते, मी पोटाखाली हात दिला. उशाकडे गेला. थोडंसंच झालं, पण झालं. वास आला, तोच, डोळ्यांत झोंबणारा. इतका चांगला वास मी आयुष्यात घेतला नाही.

उशाकडचा डाग मागे सरकला.

२१ नोव्हेंबर, अकराच्या सुमारास

भिंतीची बाजूही झाली. चिमणीच्या गालाला रंग आला. "ढब्बू" अशी तिने हाक मारली. लगेच मारली, थांबून नाही.

तो पाणी पितोय. दम खातोय. परत पितोय.

तिसरी, पायाकडची. थेंब-थेंब. पण रेघ जुळली.

आता फक्त दाराकडची. तो तिथे आला आणि बसला. उठत नाही. डोळे उघडे आहेत, शेपूट हलतेय, पाय उचलता येत नाही. पाणी तोंडातून बाहेर येतंय.

दाराकडच्या बाजूला मी बसलेय. पलंगाला पाठ लावून, पाय पसरून, जेवढी रुंद होता येईल तेवढी. वही मांडीवर. लिहितेय, ताई आली की तिला सगळं कळावं म्हणून. ताईची रिक्षा वाजेल आता. कोणत्याही क्षणी.

फरशी गार. मला चालेल. मला घे, पण ओलांडू नकोस.

पायाची बोटं कळत नाहीत. गुडघे —

ढब्बू गुरगुरतोय. पहिल्यांदाच. माझ्याकडे बघून.

नको रे, मी आहे, मी —

चिमणी उठून बसलीय. रडतेय. म्हणते, आई, सरक ना तिथून. तुला वासच नाही. तू रोज हात धुतलेस, सगळं धुतलंस, आई, ते तुझ्यातूनच आत